भाड्याच्या घराची सुधारणा आणि भांडवली नफ्याचा हिशेब

2010-11 मध्ये घेतलेली आणि तेव्हापासून भाड्याने दिलेली सदनिका मी 2024-25 या आर्थिक वर्षात विकली, आणि इतक्या वर्षांत त्या घरावर केलेल्या खर्चापैकी नेमका कोणता भांडवली नफ्यातून वजा होतो, हे मला बारकाईने तपासावे लागले.

या विक्रीला आयकर कायदा, 1961 लागू होता; त्याच्या कलम 48 नुसार विक्रीच्या रकमेतून हस्तांतराचा खर्च, खरेदीची किंमत आणि सुधारणेचा खर्च वजा करता येतो. सुधारणा म्हणजे मालमत्तेत भर घालणारा किंवा बदल करणारा भांडवली स्वरूपाचा खर्च, असे कलम 55 सांगते. मात्र जो खर्च उत्पन्नाच्या दुसऱ्या एखाद्या शीर्षाखाली (म्हणजे प्रकारात, जसे घरभाडे) वजावटीस पात्र आहे, तो त्यात धरता येत नाही. बहुतेक घरमालकांची गल्लत होते ती इथेच. रंगकाम, गळती, नळदुरुस्ती यांवरचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून कधी वेगळा दाखवला नाही, म्हणून तो आता विक्रीच्या वेळी मागता येईल असे अनेकांना वाटते. परंतु मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर कलम 24 खाली 30 टक्क्यांची सरसकट वजावट दरवर्षी मिळतच असते, आणि ती दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च झाला नसला तरी मिळते. एखाद्या वर्षी दुरुस्ती त्याहून महाग पडली, तरी वरची रक्कम सुधारणा ठरत नाही. गृहकर्जाच्या ज्या व्याजाची वजावट आधी घेतली आहे, तेही 2023 च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर खरेदीच्या किंवा सुधारणेच्या खर्चात मिळवता येत नाही.

माझी खरी अडचण बिलाची होती. 2014-15 मध्ये मोठ्या खोलीत वीटकामाची भिंत घालून एक खोली वाढवली, नवे वायरिंग केले आणि त्याच वेळी जलरोधन व रंगकामही उरकून घेतले. कंत्राटदाराने 6,10,000 रुपयांचे एकच बिल दिले आणि त्यावर ‘नूतनीकरण, एकरकमी’ एवढेच लिहिले. सुदैवाने बिलामागे त्याच्याच हस्ताक्षरातला मोजमापाचा कागद टाचलेला होता, ज्यात भिंत, दरवाजा, फरशी आणि वायरिंग यांचे दर व रकमा स्वतंत्र होत्या. त्यांची बेरीज 4,80,000 रुपये भरली, आणि बँकेच्या उताऱ्यात दिलेले धनादेशही सापडले. रंग व जलरोधनाचे 1,30,000 रुपये मी सोडून दिले, आणि तेच योग्य होते असे मला मनापासून वाटते.

या 4,80,000 रुपयांचे मोल किती, हे कराच्या दरावर अवलंबून आहे. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाविना (म्हणजे जुना खर्च महागाईच्या प्रमाणात न वाढवता) 12.5 टक्के कर आहे; त्या हिशेबाने सुधारणेमुळे 60,000 रुपये वाचतात. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीच्या बाबतीत करासाठी भारताची निवासी असलेल्या व्यक्तीला निर्देशांकासह 20 टक्क्यांचा जुना हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. 2014-15 चा निर्देशांक 240 आणि 2024-25 चा 363, म्हणजे सुधारणेचा खर्च 7,26,000 रुपये धरला जातो आणि कर 1,45,200 रुपयांनी घटतो. तरीही तुलना एकट्या सुधारणेची करून भागत नाही, कारण निवडलेली पद्धत पूर्ण व्यवहाराला लागू होते. म्हणून दोन्ही हिशेब खरेदीच्या किमतीपासून शेवटपर्यंत मांडावे लागतात.

माझ्या दुसऱ्या भाड्याच्या घरात आता स्वयंपाकघर वाढवण्याचे काम निघाले आहे. कंत्राटदाराकडून वाढीव बांधकामाचे एक आणि रंग-दुरुस्तीचे एक, अशी दोन स्वतंत्र बिले मी काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घेतली आहेत.