खेकडा, मगर आणि पावणेतीन मिलिमीटर

सकाळी सव्वासातला पुण्याहून डेक्कन क्वीन धरली. खास मुंबई गाठायची ती कपाटात ठेवलेल्या, जागची न हलणाऱ्या आगगाड्या बघायला, हे घरी समजावून सांगताना थोडा वेळ गेला. मी कोथरूडकर. भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय 1998 साली सुरू झालं तेव्हापासून तिथे किती वेळा गेलो, मोजलेलं नाही. तिथे सगळं पळतं: गाड्या, सिग्नल, फाटक. त्यामुळे आगगाडीचं मॉडेल म्हणजे धावणारंच, हे डोक्यात घट्ट बसलं होतं. गिरगावातल्या एका काकांनी फोनवर सांगितलं, "माझ्याकडचं एकही धावत नाही. या तर खरं." म्हणून निघालो.

सीएसएमटीला उतरल्यावर आधी 18 नंबर फलाटाच्या बाजूच्या हेरिटेज गल्लीत गेलो. काकांनीच बजावलं होतं, आधी खरी बघून या. तिथे 'सर लेस्ली विल्सन' उभं आहे, 1928 सालचं विजेचं इंजिन. पुढेमागे दोन लांब नाकं, मधे चालकाची केबिन. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. त्यानंतर घाटातल्या मालगाड्या ओढायला हे इंजिन आलं. डुलत चालायचं आणि उभं असताना विव्हळल्यासारखा आवाज काढायचं, म्हणून रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव पाडलं 'खेकडा'. त्याच घडणीच्या स्विस इंजिनाला तिकडे 'मगर' म्हणतात. मी चहूबाजूंनी फिरून बघितलं, पण माणूस किती बघणार? वर बघावं तर टप दिसत नाही, वाकून बघावं तर चाकांमागे अंधार.

धोबीतलावावरून चालत ठाकुरद्वारला पोचलो. चाळीचा दुसरा मजला, दोन खोल्या. काका मध्य रेल्वेवर मोटरमन होते. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाने व्यापलेली. काकूंनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "आधी पिऊन घ्या, एकदा कपाट उघडलं की गार होईल."

तसंच झालं.

काकांनी खेकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. पितळी पत्र्यातून हाताने घडवलेला. प्रत्येक रिव्हेट पत्र्याच्या मागच्या बाजूने बोथट सुईने टोचून उठवलेला. दारालगतचा दांडा केसासारख्या तारेचा. मग त्यांनी शेजारी मेर्कलिन या जर्मन खेळगाडी कंपनीची स्विस मगर ठेवली, दोन्ही उलटी केली आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, माझ्या हातात दिला. "चाकांमधलं अंतर मोजा."

मगरीचं साडेसोळा मिलिमीटर. खेकड्याचं सव्वाएकोणीसच्या किंचित वर.

या पावणेतीन मिलिमीटरमध्ये आपल्याकडच्या मॉडेलवाल्यांचं सगळं दुखणं आहे. युरोप-अमेरिकेतला रूळ 1435 मिलिमीटर रुंद, त्याला 87 ने भागलं की साडेसोळा. जगभर दुकानात तयार मिळतो तो हाच रूळ. आपली ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटर. तिचं गणित सव्वाएकोणीसला जातं आणि तेवढा रूळ कुठेच तयार मिळत नाही. ज्याला आपलं भारतीय इंजिन पळवायचंय, तो निमूटपणे साडेसोळाची चाकं लावतो. मग वरचं धूड रुंद आणि पाय आखडलेले. एकदा हे दिसलं की डोळ्यांना सलत राहतं. "मला पळवायचंच नाही," काका म्हणाले, "मग मी खोटी चाकं कशाला लावू? लेथवर करून घेतली." नुसत्या मांडून ठेवायच्या मॉडेलची गोडी मला त्या क्षणी कळली. मोटर बसवायची नाही, तयार रुळाची वळणं घ्यायची नाहीत, म्हणून ते इंजिन अगदी खऱ्यासारखं होऊ शकतं.

मधल्या फळीवर लोकल. 1500 व्होल्ट डीसीवर धावणारी जुनी गाडी. त्या प्रकारची वीज मुंबईच्या लोकलमार्गांवरून 2016 साली कायमची गेली. डबे नऊ. तेव्हाच्या बऱ्याच गाड्या नऊ डब्यांच्या असत, हे एक कारण, आणि दुसरं कारण भिंत. एक डबा साधारण 24 सेंटिमीटरचा, नऊ डबे सव्वादोन मीटरच्या आसपास. बारा डब्यांची करायची तर गाडी दारातून बाहेर जिन्यापर्यंत गेली असती!

मी विचारलं, तीस वर्षं चालवलेली गाडी घरात पुन्हा कशाला?

"चालवली, पण बघितली कुठे?" काका म्हणाले. "मोटरमनला समोरचा रूळ दिसतो आणि सिग्नल दिसतो. मागे आपली गाडी कशी दिसते, ते त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक. टप तर मी कधी बघितलाच नव्हता." म्हणून निवृत्तीनंतर ते वही घेऊन मस्जिद स्टेशनच्या पुलावर जाऊन उभे राहायचे आणि खालून जाणाऱ्या गाड्यांचे टप काढून घ्यायचे. ती वही मी पाहिली. पँटोग्राफची, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या टपावरच्या सांगाड्याची, चित्रंच किती तरी पानं भरून, प्रत्येकाखाली तारीख.

मुंबईत हे सगळं टिकवणं सोपं नाही. खारी दमट हवा पितळेला हिरवं करते, लोखंडी आसाला गंज चढतो. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत. पावसाळ्यात काका त्या बदलत राहतात आणि कपाट शक्यतो उघडत नाहीत. एका डबीत त्यांनी चोरबाजारातून आणलेल्या जुन्या विलायती वॅगनचे तुकडे जपलेत. जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून भेगाळत जातो. त्यावर इलाज नाही. वॅगन कपाटात नुसती उभी होती, एके दिवशी तिचा सांगाडाच भुगा झाला. हे सांगताना काकांचा आवाज उतरला. मलाही वाईट वाटलं.

निघताना पाच वाजून दहा मिनिटांच्या डेक्कन क्वीनला अजून अवकाश होता. सीएसएमटीला थेट न जाता मस्जिदच्या पुलावर गेलो. कठड्याशी जागा मिळवली. खालून कल्याणची लोकल निघाली. मधल्या एका डब्याच्या टपावर पँटोग्राफ, त्याच्या बुडाशी चिनी मातीचे इन्सुलेटर, आणि पत्र्यावर तारेच्या घासणीने उडालेल्या काळ्या भुकटीचा लांबच लांब पट्टा. काकांच्या लोकलवर तो पट्टा होता, मला ते धूळ पुसायची राहिल्यासारखं वाटलं होतं.