व्हिस्की गलोर आणि बिचारा वॅगेट

परवा 'व्हिस्की गलोर' परत बघितला, १९४९ चा, ईलिंग स्टुडिओवाला. युद्धात बेटावरची व्हिस्की संपलीये, सगळे सुतक असल्यासारखे फिरतायत आणि तेवढ्यात व्हिस्कीने भरलेलं जहाज समोरच खडकावर आपटतं! असं खरंच झालेलं बरं का, एसएस पॉलिटिशियन नावाचं जहाज १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ अडकलं आणि लोकांनी रात्री होड्या काढून जमेल तेवढ्या बाटल्या पळवल्या. कॉम्प्टन मॅकेंझीने त्यावर कादंबरी लिहिली, आणि सिनेमात जहाजाचा कॅप्टनही तोच झालाय.

पण खरी गंमत शूटिंगची आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात ईलिंगमध्ये जागाच रिकामी नव्हती, म्हणून सगळ्या युनिटला स्कॉटलंडच्याच बॅरा बेटावर धाडलं. प्रोड्यूसर डॅनिशेव्स्की, तोपर्यंत स्टुडिओची पब्लिसिटी बघणारा माणूस, आणि डिरेक्टर अलेक्झांडर मॅकेंड्रिक, त्याचाही पहिलाच सिनेमा. म्हणजे दोघंही नवखे. चर्चच्या हॉलचा स्टुडिओ केला, आणि मग पाऊस जो लागला तो लागलाच, शूटिंग पाच आठवडे लांबलं, बजेट वीसेक हजार पौंडांनी वर गेलं आणि तिकडे लंडनमध्ये स्टुडिओचा प्रमुख मायकेल बाल्कन वैतागला.

त्यात या दोघांचं पटेना. पावसावरून नाही हं, वॅगेटवरून! वॅगेट म्हणजे होमगार्डचा तो कडक इंग्रज कॅप्टन, व्हिस्की पकडायला धडपडणारा. डॅनिशेव्स्की पूर्णपणे गावकऱ्यांच्या बाजूचा, आणि ग्लासगोत कडक धार्मिक वातावरणात वाढलेल्या मॅकेंड्रिकला वाटायचं की चोरी ती चोरीच, वॅगेटचं काय चुकलं? उलट तो म्हणायचा की सिनेमात सगळ्यात स्कॉटिश, म्हणजे तसा कडक धार्मिक वळणाचा, माणूस हा इंग्रजच आहे.

मला वाटतं सिनेमा टिकला तो या भांडणामुळेच. नुसते लबाड गावकरी आणि मूर्ख साहेब एवढंच असतं तर अर्ध्या तासात कंटाळा आला असता. बेसिल रॅडफर्डने वॅगेट इतका मनापासून केलाय की शेवटी त्याची स्वतःची बायको त्याला हसत सुटते तेव्हा आपण हसतो खरे, पण जरा ओशाळल्यासारखं होतं. नियमाने वागणाऱ्या माणसाची इतकी खिल्ली आणि तरी त्याच्याबद्दल इतकी माया, हे एकाच सिनेमात मी तरी फारसं बघितलेलं नाही.