राहायला टेक्सास, कर न्यूयॉर्कचा: माझा अनुभव

जून २०२२ मध्ये आम्ही न्यू जर्सीतलं एडिसन सोडून टेक्सासमध्ये फ्रिस्कोला आलो. नवऱ्याला प्लेनोत नोकरी लागली होती आणि माझी मॅनहॅटनमधली कंपनी म्हणाली, तुम्ही घरून काम करा, आमची हरकत नाही. निरोपाच्या जेवणाला जो येई तो हेच म्हणे, "चला, तुमचा स्टेट टॅक्स वाचला!" टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा कर नाही. पुढेही कुणी लावू नये म्हणून तिथल्या मतदारांनी २०१९ मध्ये थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून घेतली आहे. मीही घराच्या हप्त्याचं गणित त्याच भरवशावर मांडलं.

जुलैच्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, न्यूयॉर्कच्या कराची कपात जशीच्या तशी होती. मी पेरोलला, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाला, लिहिलं. उत्तर आलं, "तुमचं नेमून दिलेलं ऑफिस न्यूयॉर्क आहे, त्यामुळे कपात सुरू राहील." मला ते पटलं नाही. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होते. गाव बदललं म्हणून कंपनीच्या वकिलांनी नवा एलसीए (कामाची जागा आणि पगार सरकारला कळवायचा फॉर्म) भरून व्हिसाच्या अर्जात दुरुस्ती केली होती आणि त्यात कामाची जागा म्हणून फ्रिस्कोचं आमचं घर लिहिलं होतं. केंद्र सरकारला लेखी कळवलंय की हिचं काम टेक्सासमध्ये चालतं, मग न्यूयॉर्कचा कर कसा? रिटर्न भरताना पैसे परत मागू, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तसे ते मागितलेही. न्यूयॉर्कबाहेर राहणाऱ्यांचा फॉर्म आयटी-२०३ आणि त्याला जोडायचा आयटी-२०३-बी. या दुसऱ्या फॉर्ममध्ये वर्षाचे दिवस मोजायचे असतात. एकूण दिवसांतून शनिवार-रविवार, सुट्ट्या, रजा, आजारपण वजा केलं की कामाचे दिवस उरतात. त्यातले न्यूयॉर्कबाहेर काम केलेले किती, ते लिहायचं. त्याच्या लगेच खाली एक ओळ आहे: यातले घरून काम केलेले दिवस किती? मी त्या ओळीत शून्य लिहिलं. मला वाटलं, ही ओळ अधूनमधून घरून काम करणाऱ्यांसाठी असेल. माझं तर ऑफिसच घरात आहे. २०२२ चा रिफंड आला, त्यामुळे आपलं बरोबर आहे अशी खात्रीच झाली. २०२३ ला तेच केलं.

मे २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कर खात्याचं पत्र आलं. रिफंड थांबवला होता. कामाच्या दिवसांचा तक्ता, नेमणुकीच्या ठिकाणाबद्दल कंपनीचं पत्र आणि बाहेरच्या दिवसांचे पुरावे मागितले होते. आजवर सगळी रिटर्न मी स्वतः भरत आले होते, पण ते पत्र वाचून हात गार पडले. ओळखीतून एक मराठी सीपीए (आपल्याकडच्या सीएसारख्या) बाई मिळाल्या. त्यांनी आधी माझा तक्ता मागितला.

२०२३ मधले माझे कामाचे दिवस २३२. त्यातले १८ मॅनहॅटनच्या ऑफिसात, ४ शिकागोत क्लायंटकडे, २४ पुण्यात आईकडे राहून आणि बाकीचे १८६ फ्रिस्कोच्या घरी. माझ्या हिशोबाने न्यूयॉर्कचे १८. बाईंनी पेन्सिलीने आकडा खोडून २२८ लिहिला.

"अहो ताई, पुण्याचेसुद्धा?" मी विचारलं.

"पुण्याचेसुद्धा. तुम्ही तिथे तुमच्या सोयीने गेलात. कंपनीच्या कामाला पुण्यात माणूस हवा होता म्हणून नव्हे."

मग त्यांनी नियम समजावला. तुमचं नेमलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल, तर राज्याबाहेर काम केलेला दिवस वगळण्यासाठी ते काम बाहेर करणं कंपनीची गरज असली पाहिजे, कर्मचाऱ्याची सोय चालत नाही. शिकागोचे ४ दिवस क्लायंटच्या ऑफिसात बसल्याशिवाय होणारच नव्हते, म्हणून तेवढेच वगळता आले. (इलिनॉयमध्ये बाहेरच्या माणसाच्या पगारावर ३० कामाच्या दिवसांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे तिथलं रिटर्न भरावं लागलं नाही.) कंपनीने घरून काम करायला परवानगी देणं वेगळं आणि कंपनीला तुमचं तिथे असणं गरजेचं असणं वेगळं. माझ्याकडे होती ती परवानगी. एलसीएचा इथे काही उपयोग नव्हता, तो कायदाच निराळा. डब्ल्यू-२ म्हणजे वर्षाचा पगार आणि कपात दाखवणारा कंपनीचा फॉर्म, त्याच्या १६ व्या रकान्यात न्यूयॉर्कपुढे माझा पूर्ण पगार लिहिला होता, तो मी पेरोलची चूक समजत होते. न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणे तो तसाच लिहावा लागतो.

मग एडिसनला असताना हे कधी जाणवलं कसं नाही? याचं उत्तर कळलं तेव्हा सगळं लख्ख झालं. तिथेही मी न्यूयॉर्कला कर भरतच होते. पण न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये, दुसऱ्या राज्याला भरलेल्या कराच्या परिशिष्टात, त्याचं क्रेडिट मिळायचं आणि न्यू जर्सीचा कर तेवढा कमी व्हायचा. एका खिशातून गेलेलं दुसरीकडे वळतं होत होतं. टेक्सासचा करच नाही, तर क्रेडिट कशातून मिळणार? न्यूयॉर्कला गेलेला प्रत्येक डॉलर तसाच गेला. फेडरल रिटर्नमध्येही तो उपयोगी पडला नाही. तेव्हा राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला १०,००० डॉलरची मर्यादा होती आणि फ्रिस्कोच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सनेच ती भरली होती.

त्या आठवड्यात रात्री बसून मी जुने निकाल वाचले. थॉमस हकाबी नावाचे एक प्रोग्रामर टेनेसीत नॅशव्हिलला राहायचे. टेनेसीतही पगारावर कर नाही. न्यूयॉर्कच्या कंपनीसाठी ते साधारण पाव वेळ न्यूयॉर्कमध्ये आणि पाऊण वेळ घरून काम करत. पाव पगारावर कर भरायला ते तयार होते. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला, की कर पूर्ण पगारावर लागेल. त्याआधी २००३ मध्ये कनेटिकटला राहणारे आणि मॅनहॅटनमध्ये शिकवणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्कीही हरले होते. कायदा शिकवणारा माणूस जिथे हरला तिथे माझ्या तक्त्याचा काय पाड लागणार होता? हा नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. मुलगी फ्रिस्कोच्या शाळेत जाते, रस्ते, पाणी, पोलीस सगळं इथलं, आणि वर्षातून १८ दिवस जिथे पाऊल ठेवते तिथे पूर्ण पगाराचा कर. पण मला अन्याय वाटतो म्हणून फॉर्ममधल्या त्या ओळीत शून्य लिहिता येत नाही, हेही तितकंच खरं.

लढायचं नाही असं ठरलं. शिकागोची विमानाची तिकिटं, हॉटेलचं बिल आणि क्लायंटने बोलावल्याची ईमेल जोडून आम्ही सुधारलेला तक्ता पाठवला. ४ दिवस मान्य झाले आणि रिफंड तेवढ्यापुरताच आला. २०२२ साठी आयटी-२०३-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म आम्ही आपणहून भरला आणि आलेला रिफंड व्याजासकट परत केला. त्या वर्षी दिवाळीत पुण्याला जायचं ठरलं होतं, ते या पैशांपायी राहिलं. आईला खरं कारण सांगायला मला दोन दिवस लागले.

मग पुढची वाट. सीपीए बाईंनी विचारलं, "तुमच्या कंपनीचं टेक्सासमध्ये ऑफिस आहे का?" होतं. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. मी तिकडे कधी फिरकलेच नव्हते. नेमणूकच त्या ऑफिसला झाली तर घरून केलेले दिवस न्यूयॉर्कचे धरले जात नाहीत, प्रत्यक्ष न्यूयॉर्कला जाऊन काम केलेलेच मोजतात. नुसतं कागदावर नाव बदलून मात्र भागत नाही. बदली खरी हवी.

एचआरला पटवायला चार महिने गेले. मॅनेजर म्हणे, तुझी टीम न्यूयॉर्कला आहे. मी तिला म्हटलं, "टीम तीच राहू दे, मला फक्त इथे बसू दे." शेवटी १ ऑक्टोबर २०२४ पासून बदलीचं पत्र मिळालं. त्यात ऑफिसचा पत्ता, तारीख आणि आठवड्यातून दोन दिवस तिथे हजेरी, हे सगळं स्पष्ट लिहून घेतलं. टेबल मिळालं, ओळखपत्र बदललं. त्या महिन्याच्या दुसऱ्या पे-स्टबवर न्यूयॉर्कची ओळ नव्हती. तो कागद मी नवऱ्याला दाखवला, मग परत एकदा वाचला.

२०२४ च्या रिटर्नमध्ये नऊ महिने जुन्या नियमाने आणि तीन महिने नव्याने, असे दोन तुकडे झाले. २०२४ च्या कामाचा बोनस मार्च २०२५ मध्ये आला, त्यातला नऊ महिन्यांचा वाटाही न्यूयॉर्कच्याच हिशोबात गेला. हे बाईंनी सांगितलं नसतं तर मी पुन्हा चुकले असते.

ओळखीत कुणी दुसऱ्या राज्यात निघालं की आता मी आधी विचारते, "नेमणूकपत्रात ऑफिस कुठलं लिहिलंय?" बहुतेकांना माहीत नसतं. गेल्या महिन्यात एक जण फ्लोरिडाला निघाला होता, कंपनी मॅनहॅटनची. त्याला मी फोनवर फॉर्ममधली ती घरून काम केलेल्या दिवसांची ओळ वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, घराचं टोकन द्यायचं उद्या आहे. आधी एचआरला फोन करतो."