राक्षस मरतो आणि आपल्याला वाईट वाटतं

वसुबारस, रात्री उशिरा

शेवटी आज गोजिरा बघून झाला, म्हणजे गॉडझिला, बॉम्बच्या टेस्टने समुद्रातून उठून टोकियोवर चालून येणारा अवाढव्य राक्षस. १९५४ चा, ओरिजिनल जपानी, ब्लॅक अँड व्हाइट, सबटायटल्सवाला. पिक्चर संपल्यावर इतका वेळ नुसतं बसून राहायला कधी झालं होतं ते आठवत नाही. बिल्डिंगा पडतात, आगी लागतात, ते आहेच, पण माझ्या डोक्यातून जात नाहीये ती त्यानंतरची सकाळ. हॉस्पिटलमध्ये जमिनीवर ओळीने झोपवलेली माणसं, आणि एक शास्त्रज्ञ एका लहान मुलाजवळ गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) धरतो, यंत्र कडकडतं, आणि तो फक्त मान हलवतो. एकही डायलॉग नाही. आणि त्याच्या आधी जळत्या रस्त्यावर एक बाई पोरांना कुशीत घेऊन बसलीये आणि त्यांना सांगतेय की आता आपण बाबांकडे जाणार. युद्ध संपून फक्त नऊ वर्षं झालेली, म्हणजे तो बाप कुठे गेला हे थिएटरातल्या प्रत्येकाला न सांगता कळलं असणार.

आणि मग मी जरा वाचत बसले तर अजूनच अंगावर आलं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची टेस्ट केली, तिची राख दूरवर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, दाइगो फुकुर्यु मारू नावाची बोट, त्यावर २३ खलाशी. सगळे आजारी पडले. त्यांचा वायरलेस ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारला. आणि ३ नोव्हेंबरला हा पिक्चर रिलीज! पिक्चर सुरूच होतो तो एका बोटीपासून, खलाशी डेकवर निवांत बसलेत, एकजण गिटार वाजवतोय, आणि एकदम समुद्र पांढराफटक चमकतो आणि बोट पेटते. पुढे ट्रेनमध्ये एक मुलगी वैतागून म्हणते की आधी किरणोत्सारी मासे, मग पाऊस, आणि आता हा गोजिरा, आणि नागासाकीतून कशीबशी जीव वाचवून आले तो काय ह्याच्यासाठी का. इतकं सरळ, इतकं रोजच्या बोलण्यातलं. १९५६ ला अमेरिकेत तो दाखवला तेव्हा त्यात एक अमेरिकन पत्रकार नव्याने शूट करून घुसवला आणि हे ट्रेनमधलं बोलणंच काढून टाकलं. जगातल्या बहुतेकांनी कित्येक वर्षं तोच कापलेला पाहिला. मला ह्याचा मनापासून राग आलाय.

डिरेक्टर इशिरो होंडा. हा माणूस स्वतः सैन्यात होता, चीनमध्ये, आणि युद्धानंतर घरी परतताना हिरोशिमातून गेलेला. ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस राक्षसाचा पिक्चर काढतो तेव्हा त्यात मजा म्हणून काही राहत नाही.

शेवट तर विचारूच नका. डॉक्टर सेरिझावा म्हणून शास्त्रज्ञ आहे, त्याने बॉम्बपेक्षा भयंकर काहीतरी शोधलंय, ते वापरल्याशिवाय गोजिरा मरणार नाही, आणि एकदा वापरलं की जग त्याचंही हत्यार करणार हे त्याला पक्कं माहितीये. म्हणून तो आपले सगळे कागद जाळतो, स्वतः समुद्रात उतरतो आणि वर येण्याची दोरी स्वतःच कापतो. खाली गोजिरा शांत बसलेला असतो, कुणाच्या वाटेला न जाता. दोघं एकाच वेळी मरतात. बोटीवर रेडिओवाला आनंदाने ओरडत असतो आणि बाकीचे रडतायत. म्हातारे डॉक्टर यामाने, ज्यांना त्याला मारायचंच नव्हतं, अभ्यास करायचा होता, ते म्हणतात की अशा टेस्ट चालूच राहिल्या तर कुठेतरी दुसरा येईल. (हे काम केलंय ताकाशी शिमुरा यांनी, त्याच वर्षी सेव्हन सामुराईमध्ये पण तेच. काय नट होता तो.)

धनत्रयोदशी

फराळाचं संपवून परत तेच वाचत बसले. गोजिराच्या आत एक माणूस होता, हारुओ नाकाजिमा. पहिला सूट जवळजवळ १०० किलोचा, आत हवा नाही, वरून स्टुडिओचे लाइट, काही मिनिटांच्या वर उभं राहणं अशक्य. तरी तो त्याआधी उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती, अस्वलं कशी पाय टाकतात ते बघत बसायचा. स्पेशल इफेक्ट्स एइजी त्सुबुराया यांचे, त्यांना खरं तर किंग काँगसारखं स्टॉप मोशनच (बाहुली किंचित हलवत एकेक फ्रेम काढायची पद्धत) करायचं होतं पण तेवढा वेळ नव्हता, म्हणून मग सूट आणि छोटं केलेलं टोकियो. आणि ती डरकाळी! ती कुठल्याच प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे, त्यांनी डबल बासच्या (माणसाएवढं उंच, व्हायोलिनसारखं वाद्य) तारा सैल केल्या आणि त्यावरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला. मी हेडफोन लावून परत ऐकली. रागावलेल्या प्राण्यापेक्षा दुखत असलेल्या प्राण्याचा आवाज जास्त वाटतो. हे माझं मत.

नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, दाराशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, नरकासुर मेला. दुपारी ताई आणि भाचा आले आणि मी त्याला घेऊन किंग काँग लावला, १९३३ चा, बेटावरून पकडून न्यूयॉर्कला आणलेल्या महाकाय गोरिलाचा. ताई म्हणाली सात वर्षांच्या पोराला काय दाखवतेस, पण तो खिळून बसला होता. तो काँग म्हणजे जेमतेम दीड फुटाची बाहुली, आत धातूचा सांगाडा, वरून सशाची फर, आणि विलिस ओब्रायन आणि त्याची माणसं एकेक फ्रेमसाठी तिला किंचित हलवणार, फोटो घेणार, परत हलवणार. नीट बघितलं तर त्याची फर सारखी हलताना दिसते, कारण हलवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे तिच्यावर राहिलेत. हे कळल्यापासून मला काँगपेक्षा ती बोटंच दिसतात आणि फार बरं वाटतं.

एम्पायर स्टेट बिल्डिंगवर विमानं गोळ्या झाडतात तेव्हा काँग आपल्या छातीला हात लावतो आणि बोटांना लागलेलं रक्त बघत राहतो. त्याला हे कळत नाहीये की झालं काय. मग ज्या मुलीला घेऊन तो वर चढलेला असतो तिला उचलतो, बघतो, परत अलगद खाली ठेवतो आणि मगच पडतो. भाचा एकदम म्हणाला, मावशी त्याने काय केलं होतं, त्याला तर हेच लोक घेऊन आले होते ना? मला काही उत्तर देता आलं नाही, मी त्याला नुसता जवळ घेतला.

आणि ज्या विमानातून शेवटच्या गोळ्या सुटतात त्यात कोण बसलंय माहितीये? पिक्चरचे दोन डिरेक्टर, मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शोडसॅक, स्वतः. ज्यांनी बनवला त्यांनीच मारला. गोव्यात पोरं रात्र रात्र जागून नरकासुर बांधतात, डोळे, दात, नखं सगळं जीव लावून, आणि आजच्या पहाटे स्वतःच पेटवून देतात, अगदी तसंच.

पाडवा

आज बलिप्रतिपदा. आई सकाळी नेहमीसारखं म्हणाली, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. लहानपणापासून ऐकतेय पण ह्यावेळी कान टवकारले, कारण बळी पण असुरच ना! परवा एका असुराला पायाखाली चिरडलं आणि आज दुसऱ्याचं राज्य परत यावं म्हणून मागणं. तो चांगला राजा होता आणि त्याला पाताळात घातला, हे अजून शेतकऱ्याच्या घरात कुणी विसरलेलं नाही. हारलेल्याबद्दल हळहळायची सवय आपल्याकडे आधीपासूनच आहे. म्हणूनच बहुतेक हे परके पिक्चर मला परके वाटत नाहीयेत.

रात्री एकटीने फ्रँकेन्स्टाइन, १९३१, डिरेक्टर जेम्स व्हेल. एक शास्त्रज्ञ मेलेल्या माणसांचे तुकडे जोडून राक्षस जिवंत करतो ती गोष्ट. बोरिस कार्लॉफ राक्षस झालाय आणि सुरुवातीच्या नावांमध्ये त्याच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह! त्याला पहिल्यांदा उजेड दिसतो तो सीन, छतातून प्रकाश येतो आणि तो दोन्ही हात वर करून तो पकडायला बघतो, आणि मग छत बंद करतात, आणि ते हात तसेच रिकामे राहतात. संपूर्ण पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नाही तो. तळ्याकाठची छोटी मुलगी एकटीच त्याला घाबरत नाही, ती त्याला फुलं देते, दोघं फुलं पाण्यात टाकतात, ती तरंगतात, आणि फुलं संपल्यावर तो तिलाच टाकतो कारण त्याला वाटतं ती पण तरंगेल. हा सीन सेन्सॉरवाल्यांनी कापला होता आणि मधली कित्येक वर्षं लोकांना फक्त त्याचे हात तिच्याकडे जाताना दिसायचे, आणि मग थेट मेलेली मुलगी घेऊन येणारा बाप. म्हणजे कापल्यामुळे तो उलट जास्त भयंकर ठरला. ऐंशीच्या दशकात तो तुकडा परत जोडला म्हणून आज आपल्याला खरं काय झालं ते दिसतं.

आणि एक गोष्ट वाचून मी उठून आईला सांगायला गेले. कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याच्या आजीची सख्खी बहीण म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, जी सयामच्या (आजचं थायलंड) राजाच्या पोरांना शिकवायला गेली होती. ती जन्मली कुठे, तर आपल्या नगरला, १८३१ मध्ये! दोघांनीही आपली हिंदुस्थानी मुळं आयुष्यभर जगाला सांगितली नाहीत. सांगितली असती तर त्या काळात कुणी उभं केलं असतं का, काय माहीत. पण मेकअपखालचे ते खोल, दमलेले डोळे मी आता वेगळ्याच नजरेने बघतेय.

भाऊबीज झाली, सगळे गेले

मॉन्स्टर जगतो असे पण पिक्चर आहेत हे आज कळलं आणि इतकं हलकं वाटलं! युजीन लुरी म्हणून डिरेक्टर, त्याने १९५३ मध्ये एक समुद्री राक्षसाचा पिक्चर काढला होता, त्यात शेवटी तो प्राणी मारला जातो. ते बघून त्याची स्वतःची लहान मुलगी रडली, बाबांनी चांगल्या प्राण्याला मारलं म्हणून. तर त्याने १९६१ मध्ये गोर्गो काढला. आयर्लंडजवळच्या समुद्रात एक राक्षस सापडतो, त्याला लंडनला आणून सर्कशीत ठेवतात, पैसे कमावतात, आणि मग शास्त्रज्ञांना कळतं की हे तर पिल्लू आहे. मग आई येते. टॉवर ब्रिज तोडत, तोफा अंगावर घेत येते, पिल्लाला घेते आणि दोघं थेम्समधून परत समुद्रात जातात. बस, एवढंच. कुणी त्यांना मारू शकत नाही. सूट गोजिराइतका चांगला नाही, मधला भाग रेंगाळतो, पण मी ते सगळं माफ केलं. भाच्याला फोन करून लगेच सांगितलं, हा तुझ्यासाठी.

त्याच वर्षी होंडांनी मॉथ्रा केला, रंगीत. भलीमोठी अळी, तिचा पुढे पतंग होतो, रात्री दिव्याभोवती फिरतो तसला, आणि तिला टोकियोशी काही भांडण नाहीये, तिच्या बेटावरून पळवून स्टेजवर नाचवायला आणलेल्या दोन इवल्या मुलींना ती घरी न्यायला आलीये. मुली परत मिळाल्या की निघून जाते. त्या दोघी म्हणजे द पीनट्स नावाच्या जुळ्या गायिका बहिणी, आणि मॉथ्राला हाक मारायचं त्यांचं गाणं तर दिवसभर तोंडातून जात नाहीये. होंडा म्हणायचे की राक्षस मुळात वाईट नसतात, ते फार उंच, फार ताकदवान, फार जड जन्माला येतात, हेच त्यांचं दुर्दैव. आता गोजिरा आणि मॉथ्रा लागोपाठ बघितल्यावर हे त्यांनी उगाच बोलायचं म्हणून म्हटलेलं नाही हे पटतं.

पुढचा नंबर पुल्गासारीचा. उत्तर कोरिया, १९८५. डिरेक्टर शिन सांग-ओक दक्षिण कोरियातला मोठा माणूस, त्याला १९७८ मध्ये हाँगकाँगहून पळवून नेलं, त्याची घटस्फोट झालेली बायको, नटी चोइ उन-ही, तिलाही, आणि तिथे त्यांच्याकडून पिक्चर काढून घेतले. गोष्ट अशी की तुरुंगातला एक लोहार मरता मरता भाताची छोटी बाहुली करतो, त्याच्या मुलीचं सुईने टोचलेलं रक्त त्यावर पडतं आणि ती जिवंत होते, लोखंड खाऊन वाढत जाते, शेतकऱ्यांसाठी राजाशी लढते, जिंकते, आणि मग भूक थांबतच नाही, त्यांचे नांगर, भांडी सगळं खायला लागते. राक्षसाच्या सूटसाठी जपानी टीम आणली होती. पिक्चर झाल्यावर १९८६ मध्ये शिन आणि चोइ व्हिएन्नात अमेरिकन वकिलातीत पळून गेले. एका मित्राने पेनड्राइव्हवर दिलाय, शनिवारी ताईकडे मोठ्या टीव्हीवर बघणार, आणि भाच्याला आधीच सांगून ठेवलंय की ह्याच्यात पण शेवटी वाईट वाटणार आहे, तरी तो म्हणतोय लाव.