भर दुपारी मुंबई

आज गुहागरच्या किनाऱ्यावर जुना ट्रान्झिस्टर घेऊन बसलो. दुपारचे 2, डोक्यावर ऊन. 558 किलोहर्ट्झवर आधी नुसती खरखर. सेट हळूहळू फिरवला आणि एका कोनात मुंबई आकाशवाणी वर आली. दीडशेहून जास्त किलोमीटर, तेही दिवसा!

रात्री लांबची स्टेशनं कुणालाही लागतात हो. दिवसा वातावरणातला उंचावरचा 'डी' नावाचा थर अशा स्टेशनांच्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) गिळतो, उरते ती जमिनीलगतची लहर. पण खाऱ्या पाण्यावरून ती लांब जाते. किनाऱ्यामागच्या घरात शिरलो तर एलईडी दिव्याच्या गुणगुणीत सगळं बुडालं.

काकू म्हणाल्या, "अरे, मोबाईलवर लागतं की ते!" लागतं, काकू. परत वाळूत जाऊन बसलो.