सिंकमागची भिंत

घरातली कोणती भिंत आपण सर्वांत जास्त पाहतो? दिवाणखान्यातली सजवलेली नक्कीच नाही. सोफ्यावर बसलं की ती पाठीमागे जाते. रोज हातभर अंतरावरून, दुसरीकडे बघायची सोयच नसल्यामुळे, बघावी लागते ती सिंकमागची. रात्रीची भांडी आमच्याकडे माझ्या वाट्याला असतात, म्हणून हे अधिकारानं सांगतो. रंगकाम निघालं की मात्र तिला मिळतो डब्याच्या तळाशी उरलेला रंग.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत ही अडचण नव्हती. भांडी मोरीत नाहीतर मागच्या अंगणात बसून घासायची. पाणी पडे शहाबादी फरशीवर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पुढे ओटा आला, घासणारं माणूस उभं राहिलं, त्याच्याबरोबर नळही वर चढला. भिंत बिचारी कोरड्या खोलीतली. तिला कोणी विचारलंच नाही.

तिचं बिघडणं सावकाश असतं. आधी रंगाला फुगा येतो, मग पोपडा, मग पांढरी खारट भुकटी. गिलाव्यात मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागाशी आणतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच घट्ट होतात आणि रंगाला आतून ढकलून लावतात. नागपूरचा कोरडा उन्हाळा ह्या कामाला भारी उत्साही. बाहेर 45 अंश असताना ओल आलेली भिंत भराभर सुकते आणि भुकटी आणखी फुलते. वरून पुट्टी फासणारे, ऑइलपेंट मारणारे, फुलाफुलांचं स्टिकर चिकटवणारे मी पाहिलेत. ओल आतच कोंडते आणि स्टिकर काही दिवसांत फुलांसकट खाली येतं.

आमच्या भिंतीसाठी शेवटी मिस्त्री बोलावला. त्यानं आल्याआल्या बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. एका जागी टणक आवाज, हातभर सरकल्यावर भद्द. मग खाली वाकून म्हणाला, "भाऊ, हे वरच्या शिंतोड्यानं नाही. खालच्या सांध्यातून पाणी पिऊन राहिली भिंत." ओटा आणि भिंत यांच्या फटीत भरलेल्या पांढऱ्या सिमेंटला केसासारखी चीर गेली होती. आधी नळाचा सांधा कोरडा असल्याची खात्री केली, मगच छिन्नी लागली. पोकळ गिलावा विटेपर्यंत काढला. कन्हान नदीची रेती, सिमेंट, आणि नंतर तराई, म्हणजे नवा गिलावा ओला ठेवणं. मे महिन्यात तराई चुकवली तर सिमेंट पाणी घेण्याआधीच ऊन ते घेऊन जातं आणि नवा गिलावा जाळीसारखा तडकतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारणं चालू. जिला पाण्यानं बिघडवलं, तिलाच आता पाणी पाजायचं!

टाइल्सच्या दुकानात माणसं डोळ्यांनी निवडतात. ज्यांना पुसायच्या आहेत त्यांना सोबत नेत नाहीत. मला उठावाच्या नक्षीची काळी टाइल आवडली होती. भांड्यांना येणाऱ्या मावशींनी फोटो पाहून एका वाक्यात निकाल लावला, "बोअरचं पाणी हाये दादा, काळ्यावर पांढरे डागच डाग दिसतील." नक्षीच्या खाचांत तेल बसेल, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी फिकी राखाडी, गुळगुळीत, साधी सिरॅमिक घेतली. मधल्या रेघांतलं ग्राउटही राखाडी, कारण पांढऱ्या ग्राउटला हळद लागली की ती कायमची.

मिस्त्रीनं टाइल्स आधी बादलीत बुडवून ठेवल्या. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते. कोरडीच लावली तर सिमेंटच्या घोळातलं पाणी ओढून घेते आणि पकड सुटते. काचेसारख्या घट्ट व्हिट्रिफाइड टाइलची गोष्ट उलटी. ती पाणी जवळजवळ घेतच नाही, म्हणून तिला वेगळं चिकटद्रव्य लागतं. ओट्याच्या कोपऱ्यात मात्र त्यानं ग्राउट भरू दिलं नाही, सिलिकॉन भरलं. ओटा आणि भिंत थोडे थोडे हलत राहतात. सिलिकॉन त्यांच्यासोबत ताणलं जातं, सिमेंट चिरतं.

वाद झाला तो उंचीवरून, तोही टाइल आणण्याच्या आधी. मिस्त्री म्हणे, चार इंची पट्टी पुरते, सगळीकडे तेवढीच लावतात. मावशी काही बोलल्या नाहीत. सावजी मटणाची तर्री चिकटलेली कढई त्यांनी सिंकमध्ये पालथी धरली, नळ पूर्ण सोडला आणि सर्वांत वर उडालेल्या लाल थेंबावर बोट ठेवलं.

"इथपर्यंत."

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढून खूण केली, मग मावशींकडे बघून त्या खुणेच्या वर टाइलची आणखी एक ओळ वाढवली आणि हिशेब नव्यानं मांडायला घेतला.