तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिनेमापायी लग्न मोडलं का?

गणपतीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर एका काकूंनी विचारलं. "त्या इंग्लिश सिनेमापायी एवढं चांगलं स्थळ सोडलंस ना गं?" सिनेमा म्हणजे २००५ चा प्राइड अँड प्रेज्युडिस, कीरा नाइटलीचा. विचारणाऱ्यांच्या डोक्यात असतो त्यातला नायक, पावसात भिजलेला डार्सी, आणि मी तसला नवरा शोधत बसलेय.

डार्सी पावसात नायिकेला, लिझीला, मागणी घालतो तो सीन जेन ऑस्टिनच्या मूळ कादंबरीत नाहीच, तिथे तो चार भिंतींच्या आत मागणी घालतो. आणि माझं त्या सीनवर काही अडलेलंही नाही. मला धरून ठेवलं ते लिझीच्या मैत्रिणीने, शार्लटने. लिझीने नाकारलेल्या कॉलिन्सला ती हो म्हणते आणि झोपाळ्यावरच्या लिझीला येऊन सांगते की मी २७ वर्षांची आहे, पैसा नाही, पुढे काही दिसत नाही, आईवडिलांवर ओझं झालेय, आणि मला भीती वाटते, तर मला नावं ठेवू नकोस. १८१३ च्या पुस्तकातली शार्लट इतकं बोलून दाखवत नाही, मी काही रोमँटिक नाही, मला फक्त सुखाचं घर हवंय एवढंच म्हणते. भीती सिनेमावाल्यांनी उघड केली, आणि माझ्या मते अगदी बरोबर केली.

आता माझं. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि आम्हा बहिणींचं नाव लागलं, जमीन काकांशी सामाईक, घर आणि हापूसची कलमं. माझा साखरपुडा ठरला त्या आठवड्यात काका हक्कसोडीचा मसुदा घेऊन आले. पडवीत बसले, चहा घेतला, म्हणाले, "आता तू दुसऱ्या घरची होणार, तुला कशाला ही लाल माती." आई म्हणाली, "सही कर बाय, माहेर तुटायला नको." मी कागद घेऊन मागच्या अंगणात गेले आणि त्याला फोन केला, होणाऱ्या नवऱ्याला. तो म्हणाला, "करून टाक ना, लग्नाआधी कटकट नको, माझ्या घरच्यांना आवडायचं नाही." चांगल्या आवाजात म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आजही म्हणणार नाही. पण त्या क्षणी मला राग यायला हवा होता आणि आली ती भीती, की हा आता नाही म्हणेल, मग पुढचं स्थळ कधी, आई काय म्हणेल, आणि मी पेन शोधायला लागले. खरंच शोधायला लागले, तुळशीपाशी उभी राहून फोन कानाला तसाच. तेव्हा शार्लट आठवली. हीच ती भीती, तिने निदान तोंडाने कबूल तरी केली होती, मी तर आतापर्यंत माझ्या भीतीला पसंती म्हणत होते.

सही केली नाही. लग्नालाही नाही म्हटलं.

लिझीचं घर मुलगा नाही म्हणून कॉलिन्सकडे, नात्यातल्या पुरुषाकडे, जाणार असतं, त्या मिळकतीची कायदेशीर तजवीजच तशी. माझ्याकडे कायदा होता. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षापासून, हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा हक्क आहे. तरी कागद मुलीच्याच पुढ्यात येतो, तोही लग्न ठरल्यावर.

मग मावशीने कारण विचारलं तेव्हा मीच म्हणाले, मला सिनेमातल्यासारखा हवा. सख्ख्या काकांचं नाव पाहुण्यांसमोर कसं घेणार? डार्सीचं नाव घ्यायला सोपं होतं, आणि तेच चिकटलं.

पण तुम्ही समजता तेवढी माझी खात्री नाही. सिनेमात शार्लट पुढे लिझीला आपली बैठकीची खोली दाखवते, स्वतःचं घर चालवण्यात किती आनंद आहे म्हणते, आणि मला ते खोटं वाटत नाही. माझी एक मैत्रीण असंच हो म्हणून चिपळूणला गेली, तिच्या स्वयंपाकघरात बसले की वाटतं हिने बरोबर केलं. घरी आले की वाटतं नाही, मी बरोबर केलं. भीतीने म्हटलेलं हो वाईटच असतं का, मला अजून सांगता येत नाही, आणि भीती ओळखून म्हटलेलं नाही दरवेळी शहाणपणाचं असतं असंही नाही, कारण आई त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही आणि तिचंही चुकलं असं मला म्हणवत नाही.

नाव सातबाऱ्यावर आहे. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब काकाच ठेवतात, यंदा तो मी मागितलाय.